टोयोटा मिराई: गाडीला चार तारे, पंपाला दीड

जपानमध्ये मिराई ही हायड्रोजनवर चालणारी गाडी घेणारा माणूस गाडीबरोबर सरकारचं एक धोरणही विकत घेतो. डिसेंबर २०१७ मध्ये जपानने हायड्रोजनची राष्ट्रीय रणनीती जाहीर केली. अशी रणनीती आखणारा तो जगातला पहिला देश. मिराई ही त्या धोरणाची दर्शनी खिडकी, म्हणून हे परीक्षण गाडी आणि तिच्यामागची व्यवस्था या दोन्हींचं आहे. निकाल आधीच सांगतो: गाडी फार चांगली आहे, पण तिला लागणारा वायू स्वस्त आणि स्वच्छ होण्याच्या आधीच ती विकायला काढली.

गाडीबद्दल थोडक्यात. सध्याची मिराई ही दुसरी पिढी, डिसेंबर २०२० ची. तेव्हा किंमत ७१ लाख येनांपासून, म्हणजे त्या वेळच्या दराने ढोबळमानाने ५० लाख रुपये. पाच मीटरला जेमतेम अडीच सेंटिमीटर कमी लांबी, वजन दोन टनांच्या जवळ, मोटरची ताकद मागच्या चाकांना. ३३० सेलचा फ्युएल सेल संच हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून १२८ किलोवॅटपर्यंत वीज बनवतो आणि मोटर ती वापरते. चालवताना ती शांत, भारदस्त इलेक्ट्रिक गाडी वाटते. तीन टाक्यांत मिळून ५.६ किलो हायड्रोजन ७०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट दाबाखाली राहतो: एक टाकी मधोमध गाडीच्या लांबीच्या दिशेने आडवी, दुसरी मागच्या सीटखाली, तिसरी डिकीच्या पुढ्यात. त्यामुळे मधला बोगदा उंच झाला आहे. कागदावर पाच आसनं असली तरी मागे मधे बसणाऱ्याचे हाल होतात, आणि एवढ्या लांब गाडीच्या मानाने डिकी लहान आहे. एक बटण मात्र आवडण्यासारखं: प्रत्येक किलो हायड्रोजनमागे सुमारे नऊ किलो पाणी तयार होतं, ते घराच्या गॅरेजमध्ये सांडू नये म्हणून आत शिरण्याआधीच बटण दाबून बाहेर सोडता येतं.

भूकंपाच्या देशाला शोभेल अशी आणखी एक सोय आहे. वेगळं उपकरण जोडलं तर गाडी बाहेरच्या वापरासाठी नऊ किलोवॅटपर्यंत वीज देते. वीज गेली तर घरातली दिवे-फ्रिजसारखी उपकरणं त्यावर आरामात चालतात.

आता पंप. खरी परीक्षा इथेच आहे.

भरण्याची पद्धत अशी. गाडी पार्कमध्ये टाकून पूर्ण बंद करायची. झाकण उघडलं की आत टाक्यांच्या मुदतीचं लेबल असतं. मुदत संपलेली असेल तर वायू मिळत नाही. नोझल बसवून खटका लावला की यंत्र आधी थोडा दाब देऊन गळती तपासतं. नोझलमधल्या इन्फ्रारेड दुव्यातून गाडी टाकीचं तापमान आणि दाब पंपाला कळवत राहते आणि त्यानुसार भरण्याचा वेग ठरतो. सगळं सुरळीत असेल तर तीन ते पाच मिनिटांत टाकी भरते. जाहिरातीत हीच मिनिटं दाखवतात, आणि ती खोटी नाहीत.

अडचण त्या मिनिटांच्या आधी आणि नंतर आहे. वायू वेगाने टाकीत कोंबला की तापतो आणि टाकीला ८५ अंशांची मर्यादा आहे. म्हणून वायू आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करावा लागतो. दमट दिवसांत त्या गारठ्याने हवेतली वाफ नोझलवर गोठते आणि नोझल गाडीला चिकटून बसतं. अशा वेळी ओढाताण करायची नाही. बर्फ वितळेपर्यंत थांबायचं. इन्फ्रारेड दुवा तुटला तर पंप सावध होऊन कमी भरतो. तुम्ही 'फुल' म्हणता आणि काटा थोडा खालीच राहतो.

एकामागोमाग गाड्या आल्या तर? पंपाकडे सुमारे ८२० बारवर साठवलेल्या वायूच्या नळकांड्या असतात. दोन-तीन गाड्यांत त्यांचा दाब उतरतो, मग कॉम्प्रेसरने तो पुन्हा चढवेपर्यंत चौथ्या गाडीला ताटकळावं लागतं. पेट्रोलपंपावर रांग म्हणजे चार गाड्यांचा वेळ. इथे रांग म्हणजे यंत्राचा दम परत येण्याचा वेळ. त्यात बरेच पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, काही रविवारी उघडतच नाहीत आणि वार्षिक तपासणीसाठी सलग बंदही राहतात. निघण्याआधी पंप चालू आहे का ते बघायची सवय लावून घ्यावीच लागते.

हे पंप इतके थोडे का? उच्चदाब वायूचा कायदा कडक आहे. पात्र देखरेखीचा माणूस लागतो, अंतरांचे नियम आहेत आणि एका पंपाचा खर्च ४०-५० कोटी येनांच्या घरात जातो, साध्या पेट्रोलपंपाच्या कित्येक पट. निम्म्याच्या आसपास अनुदान मिळूनही दिवसाला मोजक्या गाड्या आल्या तर हिशोब जमत नाही. धोरणात २०२५ पर्यंत ३२० पंपांचं लक्ष्य होतं. प्रत्यक्षात संख्या १६० च्या आसपास घुटमळली. गाड्यांचं तर त्याहून वाईट. २०२० पर्यंत ४० हजार आणि २०२५ पर्यंत दोन लाख असा आकडा लिहिला होता, पण रस्त्यावर दहा हजारसुद्धा आल्या नाहीत.

खिशाचा हिशोब. सुरुवातीची अनेक वर्षं किलोला अकराशे-बाराशे येन दर होता. आता बऱ्याच पंपांवर तो २,२०० येनांपर्यंत गेला आहे. टाकी पूर्ण भरायला १२ हजार येनांच्या वर. कंपनीचा दावा ८५० किलोमीटरचा असला तरी एसी, हायवेचा वेग आणि थंडी धरून ६०० ते ६५० समजा, म्हणजे किलोला ११० किलोमीटर. किलोमीटरला २० येन पडले. टोयोटाचीच पेट्रोल-हायब्रिड प्रियस लिटरला २५ किलोमीटर धावते आणि लिटरचा दर १७५ येन धरला तर सात येनांत भागतं. केंद्र सरकार गाडीवर १४ लाख येनांच्या आसपास अनुदान देतं, टोकियो त्यात आपली भर घालतं, तरी रोजच्या वापरात हा फरक भरून निघणं कठीण.

रणनीतीत २०३० साठी आयातीचा खर्च घनमीटरला ३० येन असा लिहिला आहे. किलोत मांडला तर तो सुमारे ३३४ येन होतो. बंदरावरचा खर्च आणि पंपावरचा दर एक नव्हेत हे मान्य. तरी २,२०० च्या शेजारी हा आकडा ठेवला की धोरण आणि पंप यांतलं अंतर दिसतं.

महाग असला तरी स्वच्छ आहे ना, असं विचारणाऱ्यांसाठी: पंपावरचा बराचसा हायड्रोजन नैसर्गिक वायू किंवा एलपीजीपासून बनतो, नाहीतर रासायनिक कारखान्यांत उपउत्पादन म्हणून निघालेला असतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे मिराईमागे किलोमीटरला ९० ग्रॅमच्या आसपास. दाब चढवण्याची आणि थंड करण्याची वीज वेगळी. प्रियसच्या धुरांड्यातूनही साधारण तेवढाच निघतो. फुकुशिमाच्या नामिए गावात मार्च २०२० मध्ये सौरऊर्जेवरचा दहा मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, पण त्याची नेहमीची क्षमता ताशी १,२०० घनमीटर, म्हणजे तासाला जेमतेम १९ मिराई. आणि सौरवीज वापरायचीच असेल तर एक किलो हायड्रोजनला लागणाऱ्या ५५ युनिटमध्ये बॅटरीवरची गाडी मिराईच्या तिप्पट अंतर जाते.

बाहेरून आणण्याचाही प्रयोग झाला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियातल्या तपकिरी कोळशापासून काढलेला हायड्रोजन उणे २५३ अंशांना द्रवरूप करून 'सुइसो फ्रंटियर' जहाजाने २०२२ मध्ये कोबेला आणला. तंत्रज्ञान म्हणून थक्क करणारं काम. पण कोळशातून निघालेला कार्बन पुरण्याची सोय त्या प्रयोगात नव्हती.

सरकारलाही हे उमगलेलं दिसतं. जून २०२३ मध्ये रणनीती सुधारली, मे २०२४ मध्ये कायदा मंजूर झाला आणि महागड्या कमी-कार्बन हायड्रोजनच्या किमतीतला फरक भरून द्यायला तीन लाख कोटी येनांची तरतूद ठरली. 'कमी कार्बन' म्हणजे किती, तेही आता ठरलं: किलोमागे ३.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आत. भर आता ट्रक आणि बसवर आहे, आणि ते रास्त आहे. ठरलेल्या मार्गावरून रोज एकाच डेपोत परतणाऱ्या वीस ट्रकांसाठी एक पंप भरपूर चालतो. भारताने २०२३ च्या हरित हायड्रोजन मिशनमध्ये मोठे लिलाव रिफायनरी आणि खतांसाठी लागणाऱ्या अमोनियाचे ठेवले, कारण हायड्रोजनचं गिऱ्हाईक तिथे आधीपासूनच आहे. नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये मिराईतून संसदेत गेले तेव्हा फोटो गाजले. आपल्या धोरणाचा पैसा मात्र सुदैवाने दुसरीकडे वळला.

मग घ्यावी कोणी? टोकियो किंवा नागोया भागात राहता, घर-ऑफिसच्या वाटेवर दोन वेगवेगळे पंप आहेत आणि घरी दुसरी गाडी आहे, तरच. एकच पंप जवळ असेल तर होंडाची हायड्रोजनवरची सीआर-व्ही बघा. तिला चार्जिंगचा प्लग आहे आणि बॅटरीवर ती ६० किलोमीटर जाते, त्यामुळे पंप बंद असला तरी माणूस अडकत नाही.

जुनी मिराई फार स्वस्तात मिळते, तिथे एक काळजी घ्या. टाक्यांचं आयुष्य बनवल्यापासून १५ वर्षं. त्यानंतर कोणताही पंप वायू भरणार नाही आणि टाक्या बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीला मागे टाकेल. २०१४-१५ च्या पहिल्या लॉटची मुदत २०२९-३० मध्येच संपते. म्हणून किलोमीटरचा आकडा नंतर बघा, आधी झाकण उघडून तारीख वाचा.