सहा महिन्यांत ‘शिप ऑफिसर’ : 4,47,000 रुपये कसे गेले ते वाचा आणि तुमचे वाचवा

आधी आकडे, कारण लोक तेच आधी विचारतात. नोंदणी 25,000. ‘डेक कॅडेट कोर्स’, म्हणजे जहाजावरच्या शिकाऊ अधिकाऱ्याचा, 1,80,000. सीडीसी, म्हणजे खलाशाचं अधिकृत नोंद-पुस्तक, काढून देण्याचे 65,000. जॉइनिंगचे 1,35,000. तिकीट, व्हिसा आणि मेडिकलचे 42,000. एकूण 4,47,000 रुपये. काही केळीच्या पट्टीचे, काही सोसायटीच्या कर्जाचे, उरलेले घरातलं सोनं गहाण ठेवून उभे केलेले. बदल्यात आमच्या पोराच्या हातात आली पाच रंगीत प्रमाणपत्रं, परदेशी नावाचं एक सीडीसी पुस्तक आणि एका जहाजाचं नियुक्तिपत्र. ते जहाज जगात कुठेही नाही.

एजंट कसे गाठतात हे नव्याने सांगायची गरज नाही. बारावीचा निकाल लागला की मोबाईलवर जाहिरात येते, मग फोन, मग तालुक्याच्या गावातल्या गाळ्यात ‘सेमिनार’. भिंतीवर नांगराचं चित्र, खुर्चीत पांढऱ्या गणवेशातला एक तरुण. आमच्याकडचा एजंट तर अहिराणीत बोलायचा. “आप्पा, पोऱ्या आपलाच शे, काळजी करू नका.” आता नातेवाईक म्हणतात, शिकलेल्या घरात असं होतंच कसं? त्यांना एवढंच विचारायचं आहे की रावेर-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंत किती घरांत जहाजावरचा माणूस आहे? पोराला इंजिनिअरिंगला घालायचं तर गल्लीत चार जण माहिती देतात. इंडॉस म्हणजे काय, आरपीएसएल म्हणजे काय, हे विचारायला खान्देशात माणूस सापडत नाही. या लोकांचा धंदा त्यावरच चालतो. म्हणूनच जे तेव्हा कुणी सांगितलं नाही ते सगळं इथे लिहून ठेवतो.

पहिली थाप ‘सहा महिन्यांत ऑफिसर’ ही. हे होऊच शकत नाही. जहाजावरच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण आणि पात्रता ‘एसटीसीडब्ल्यू’ या 1978 च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरते. 1995 मध्ये आणि 2010 मध्ये मनिला इथे त्यात मोठे बदल झाले. त्यानुसार 500 ग्रॉस टनांच्या किंवा त्याहून मोठ्या जहाजावर वॉच, म्हणजे जहाज चालवण्याची पाळी, सांभाळणारा अधिकारी व्हायचं तर वय किमान 18 लागतं. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून आलेल्याची किमान 12 महिने समुद्रावरची सेवा लागते आणि ती ट्रेनिंग रेकॉर्ड बुकमध्ये नोंदलेली असावी लागते. तसा अभ्यासक्रम नसेल तर 36 महिने. शिवाय या सेवेत किमान 6 महिने कॅप्टन किंवा पात्र अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, वॉच केलेला असला पाहिजे. आपल्याकडचा सरळ रस्ता असा : बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून 60 टक्के, इंग्रजीत 50 टक्के, मग चेन्नईच्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सामायिक प्रवेश परीक्षा, मग एक वर्षाचा डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा (नौकानयनाचा) डिप्लोमा, आणि त्यानंतर 18 महिने समुद्रावर. नाहीतर तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स. त्यापुढे सेकंड मेट या अधिकारी-पात्रतेची लेखी आणि तोंडी परीक्षा. ती पास झाल्यावर पोरगा थर्ड ऑफिसर म्हणून उभा राहतो. सहा महिन्यांचा कोर्स असतो, पण तो जीपी रेटिंगचा. तो करणारा खलाशी म्हणून चढतो, अधिकारी म्हणून नव्हे. एजंट या दोन गोष्टी मुद्दाम एकमेकींत मिसळतात. डेक बाजूला रंगांधळेपणा अजिबात चालत नाही, तरी आमच्या पोराची रंगचाचणी कुणी घेतलीच नाही. मेडिकलचे पैसे मात्र घेतले.

आता ती प्रमाणपत्रं. अजूनही समोर ठेवली की रक्त उसळतं. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत सुरक्षेचे कोर्स करावे लागतात : जीव वाचवण्याची तंत्रं, आग प्रतिबंध आणि आग विझवणं, प्राथमिक प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि सामाजिक जबाबदारी, आणि सोबत सुरक्षा-कर्तव्यांचा कोर्स. आमच्याकडच्या पाचपैकी तीन प्रमाणपत्रांवर ‘पासून-पर्यंत’च्या तारखा एकच आहेत. एकच मुलगा त्याच दिवशी तलावातही आणि धुराच्या खोलीतही कसा असेल? जीव वाचवण्याच्या कोर्सला खरं पाणी लागतं. लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी, उलटलेला लाइफराफ्ट, म्हणजे जीवरक्षक तराफा, पाण्यात राहून सरळ करणं, पाण्यातूनच त्यात चढणं, इमर्शन सूट घालणं, हे सगळं अंगाने करून दाखवावं लागतं. आगीच्या कोर्सला श्वसनयंत्र लावून धुराने भरलेल्या बंद जागेत शिरावं लागतं, तेलाची आणि विजेची आग प्रत्यक्ष विझवावी लागते. गाळ्यात एक प्रोजेक्टर होता. तलाव नव्हता, नळी नव्हती, साधा अग्निशामक सिलिंडरही नव्हता. तारखा वाचल्या असत्या तर 1,80,000 वर हे थांबलं असतं. पण लॅमिनेशन केलेला, होलोग्राम लावलेला कागद हातात पडल्यावर कोणता बाप ‘पासून-पर्यंत’ वाचत बसतो?

पोराला कोणत्याही संस्थेत घालण्याआधी विचारा, तलाव कुठे आहे आणि आगीचं मैदान कुठे आहे. दाखवा म्हणा. नुसता पत्ता देणाऱ्याला पैसे देऊ नका.

नियुक्तिपत्रात तर चोरी उघड्यावर मांडलेली होती. जहाजाचं नाव, खाली ‘आयएमओ 9416235’. आयएमओ म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. तो सात आकडी असतो आणि शेवटचा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. इथे 63, 24, 5, 24, 6 आणि 6, बेरीज 128. म्हणजे शेवटी 8 हवा होता, छापलाय 5. असा आयएमओ क्रमांक असूच शकत नाही. पाचवीतलं पोरगं हे गणित करेल, पण ते करायचं असतं हे कळायला 4,47,000 मोजावे लागले. बेरीज जुळली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. हुशार एजंट खऱ्या जहाजाचा क्रमांक उचलतात. ‘इक्वासिस’ या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा आणि त्या क्रमांकापुढे नाव, प्रकार, मालक, व्यवस्थापक कोण आहेत ते पत्राशी ताडून बघा.

त्याच पत्रात कॅडेटला महिना 2,500 डॉलर लिहिले होते. कॅडेटला पगार नसतो, स्टायपेंड असतो, तोही काही शे डॉलरचा. मोठा आकडा दाखवला की घरचे 1,35,000 कडे खर्च म्हणून बघत नाहीत, दोन महिन्यांत फिटेल असं धरून चालतात. नेमकं त्याच दिवशी पैसे मागितले गेले.

आणि जॉइनिंगचे पैसे मागणं हाच मुळात गुन्हा आहे. भारतीय खलाशाला किंवा अधिकाऱ्याला जहाजावर पाठवायला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी-भरतीचा, परवाना लागतो. परवानाधारकाला नोकरी लावण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत, 2016 च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. 2006 चा सागरी कामगार करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला, त्यातही तेच आहे : मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट सोडून उमेदवाराच्या माथी काही मारायचं नाही. ‘जॉइनिंग चार्ज’, ‘कंपनी डिपॉझिट’, ‘स्लॉट बुकिंग’ असा शब्द ऐकला की तिथून उठा.

सीडीसीचं तसंच. भारतीय सीडीसी शिपिंग मास्तरांच्या कार्यालयातून मिळते, अर्ज ऑनलाइन होतो आणि सरकारी शुल्क 65,000 च्या जवळपासही नसतं. “भारताच्या सीडीसीला वेळ लागतो, तोवर परदेशी काढून देतो” असं म्हणून जे पुस्तक गळ्यात मारतात, ते बहुतेक वेळा रंगीत झेरॉक्सच्या लायकीचं असतं. ज्या देशाचं नाव त्यावर आहे, त्या देशाच्या नौवहन प्रशासनाकडे क्रमांक टाकून पडताळा. इंडॉस क्रमांक म्हणजे खलाशाची देशातली ओळख. तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर टाकला की त्या माणसाच्या नोंदी दिसतात. आमच्या पोराच्या कागदावर छापलेला क्रमांक दुसऱ्याच माणसाचा निघाला.

पैसे बुडाले एवढ्यावर हे संपत नाही, म्हणून पुढचं लिहितो. असल्या कागदांवर कुणी खरंच चढला तर? रात्रीच्या वॉचला अधिकारी आणि एक नजर ठेवणारा, दोघंच असतात. उजव्या बाजूला दूर दुसऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसतो. म्हणजे समोरच्याची डावी बाजू आपल्याकडे आहे आणि तो आपला मार्ग ओलांडतोय. 1972 च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतल्या नियम 15 प्रमाणे वाट आपण द्यायची. पण आधी ठरवायचं की धोका आहे का. त्यासाठी जायरो रिपीटरवर, म्हणजे होकायंत्राच्या तबकडीवर, त्याचा बेअरिंग, म्हणजे तो कोणत्या दिशेला दिसतो ते, घ्यायचा, थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचा. अंतर कमी होतंय आणि बेअरिंग बदलत नाही, तर टक्कर होणार. मोठ्या जहाजाच्या बाबतीत किंवा अगदी जवळून, बेअरिंग बदलत असला तरी धोका असू शकतो, हेही नियम 7 मध्येच आहे. मग वळायचं ते वेळेवर आणि एवढं ठळक, की समोरच्याला ते नुसत्या डोळ्यांनी कळलं पाहिजे. दोन-दोन अंशांनी चोरून वळलं की तो गोंधळतो. धुक्यात नियम 19 लागतो आणि वाट कोणाची हा हिशेबच बदलतो. हे सहा महिने कुणाच्या तरी नजरेखाली रात्री जागून अंगात मुरतं, पीडीएफ वाचून मुरत नाही. इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या यंत्राचा, एक्डिसचा, कोर्सच 40 तासांचा आहे.

चुकलं की काय होतं ते आपल्याच किनाऱ्याने पाहिलंय. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया 3 ही जहाजं आदळली, कंटेनर समुद्रात तरंगत गेले, तेल सांडलं. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून ते किनाऱ्याजवळ नेलं होतं आणि त्या भागाचा पुरेसा मोठ्या मापाचा नकाशाही वापरात नव्हता. तिथे तर अनुभवी, प्रमाणपत्रधारक अधिकारी होते. गाळ्यातल्या कागदावर चढलेला मुलगा तिथे उभा राहिला तर स्वतः मरेल आणि वीस जणांना घेऊन मरेल. हे कागद विकणाऱ्याला त्याचं काहीही नाही.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर : “हा देण्याघेण्याचा मामला, कोर्टात जा.” कारण 1,80,000 च्या पावतीवर ‘करिअर मार्गदर्शन शुल्क, परतावा नाही’ असं लिहून ठेवलेलं. पावती घेताना तो शब्द बघा. कोर्सचे पैसे दिले तर पावतीवर कोर्सचं नाव, संस्थेचं नाव आणि मान्यता क्रमांक असलाच पाहिजे. दुसरं उत्तर : “शेवटचे पैसे बेलापूरला दिले ना, मग तिकडे जा.” तिकडे गेलो तर म्हणाले, राहता तिथेच तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. कलमाची छापील प्रत टेबलावर ठेवली, ती वाचलीही नाही. उलट विचारलं, जहाजावर जायची हौस कुणाला होती? लुटल्या गेलेल्या बापाला हे विचारायचं?

बँकेत गेलो. 25,000 आणि 1,80,000 ज्या खात्यात गेले ते संस्थेचं नव्हतंच, भलत्याच माणसाचं बचत खातं होतं. बँक म्हणते, खातेदाराची माहिती एफआयआरशिवाय देता येत नाही. पोलीस म्हणतात, खातेदार कोण ते आणा, मग एफआयआर बघू. एका वरच्या सरकारी कार्यालयाला सगळे कागद जोडून लिहिलं, तर उत्तर आलं की संबंधित एजंट नोंदणीकृत नसल्याने विषय आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे परवाना घेऊन काम करणारा उत्तरदायी आणि परवाना न घेता लुटणारा मोकळा! नोंदणी नाही हीच तर आमची तक्रार आहे. मग ती घेऊन जायचं कुणाकडे? सगळ्यांना कायदा माहीत आहे, प्रत्येक जण आपल्या टेबलावरून कागद पुढे सरकवतो, आणि तोवर तो माणूस नव्या नावाने नव्या गाळ्यात सेमिनार घेतो.

म्हणून पुरावा आधीपासूनच जमवा. रोख देऊ नका. आमचे 65,000 आणि 1,35,000 रोख गेले आणि त्यांचा कागदावर मागमूस नाही. बँक खात्यात भरलेले आणि यूपीआयने गेलेले 42,000 तेवढे सिद्ध करता येतात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 ला फोन करा, खातं गोठवता येतं ते तेव्हाच. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण नंबरासह पूर्ण एक्सपोर्ट करून ठेवा, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला काही किंमत नाही.

मूळ कागद तर कोणत्याही कारणाने सोडू नका. ‘पडताळणीसाठी’ म्हणून एजंटाने पासपोर्ट आणि बारावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली. परत मागितल्यावर 15,000 आणखी मागितले. ते दिले नाहीत. लेखी अर्जाची पोच त्याला पाठवली, तेव्हा पासपोर्ट कुरिअरने आला. गुणपत्रिका आलेली नाही, तिची दुय्यम प्रत आता नाशिकच्या विभागीय मंडळाकडून काढावी लागणार आहे.