‘फ्लाइंग टायगर्स’चे टॉमाहॉक : १/७२ मापाचे मॉडेल किट

भाच्याची दहावीची परीक्षा संपली तेव्हा सुट्टीत दोघांनी मिळून जोडावे म्हणून पी-४० टॉमाहॉक विमानाचे हे किट मी लातूरला घरपोच मागवले. नाकावर शार्कचे दात रंगवलेले हे विमान चित्रांत अनेकांनी पाहिलेले असते, पण ते उडवणारे कोण होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. किटसोबतच्या माहितीपत्रकातही त्याविषयी चकार शब्द नाही आणि हाच मला या किटचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

१९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरलेली नसताना क्लेअर शेनॉल्ट या निवृत्त अमेरिकी अधिकाऱ्याने जपानशी लढणाऱ्या चीनसाठी अमेरिकी लढाऊ वैमानिक जमवले; तेच हे ‘फ्लाइंग टायगर्स’. त्यांनी आपल्या सैन्यदलांतील नोकऱ्यांचे रीतसर राजीनामे दिले आणि एका खासगी कंपनीशी वर्षभराचा करार केला. पगार महिना सुमारे ६०० डॉलर आणि पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे ५०० डॉलर ठरले होते. त्यामुळे त्यांना भाडोत्री म्हणणारे आजही भेटतात, पण मला ते पटत नाही. ब्रह्मदेशातील टौंगू येथील सरावाच्या काळातच काही जण कंटाळून परतले होते; जे राहिले ते सुट्या भागांची टंचाई सोसत, संख्येने कितीतरी मोठ्या शत्रूशी लढले.

विमानाच्या वरच्या बाजूला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी असे दोन रंग द्यायचे आहेत. ते ब्रिटिश पद्धतीचे का, असा प्रश्न भाच्याला पडला. ही १०० विमाने मुळात ब्रिटनसाठी बांधली जात होती आणि ब्रिटनने आपला हक्क सोडल्यामुळे ती चीनला मिळाली, हे कळल्यावर रंगवण्यातली त्याची गोडी वाढली. त्याचा पुढचा प्रश्न होता, “मामा, एवढ्या जड नाकाचे विमान जपान्यांपुढे टिकले कसे?” जपानी लढाऊ विमाने चपळ होती आणि कमी जागेत वळत, म्हणून त्यांच्यामागे गिरक्या घेत बसायचे नाही, उंचावरून सूर मारायचा, गोळ्या झाडायच्या आणि त्याच वेगात निसटायचे, अशी शेनॉल्टची सक्त शिकवण होती. ती उंची गाठायला लागणारा वेळ चिनी टेहळ्यांच्या दूरध्वनी आणि रेडिओवरील सूचनांमुळे मिळे. २० डिसेंबर १९४१ रोजी कुनमिंगवर आलेल्या बॉम्बफेकी विमानांना त्यांनी पहिला तडाखा दिला. ४ जुलै १९४२ रोजी हे दल विसर्जित झाले.

सुटे भाग एकमेकांत नीट बसतात आणि पंखांच्या सांध्याला फटी बुजवायची पुटी लागत नाही. पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांपैकी बारा किरणांचा चिनी सूर्य सुरेख उमटतो, पण शार्कच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीखाली जुळत नाहीत. तिथे मला बारीक ब्रशने लाल रंग भरावा लागला. आपल्याकडचे बोअरचे पाणी भिजवायला अजिबात वापरू नये. पहिले चित्र वाळल्यावर त्यावर क्षारांचे पांढरे डाग उमटले, म्हणून पुढची सगळी चित्रे जारच्या पाण्यात भिजवली. शेपटीकडचा पट्टा दलाच्या तीन स्क्वाड्रनांनुसार (तुकड्यांनुसार) पांढरा, निळा किंवा लाल असतो, पण किटमध्ये फक्त लाल दिला आहे.

परदेशी आकाशातल्या त्या युद्धाशी मराठवाड्याचाही एक धागा जुळतो. आपण निजामाच्या राज्यात होतो आणि ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ व्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव त्याच राज्यावरून मिळाले होते. १९४० मध्ये ब्रिटनच्या संरक्षणासाठी स्पिटफायर ही लढाऊ विमाने घेऊन लढलेल्या त्या स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते.

किटला मी पाचपैकी चार गुण देतो. भाच्याला आता त्या हैदराबाद स्क्वाड्रनचे स्पिटफायर हवे आहे आणि मी त्याच्या खुणांची चित्रे शोधतो आहे.