टीव्हीखालच्या कॉम्प्युटरसाठी जीटी १०३० की आर्क ए३८०?

मामेभावाचा जुना कॉम्प्युटर आता हॉलमध्ये टीव्हीखाली बसणार आहे. गेम खेळायचे नाहीत, फक्त सिनेमे. अट एकच: सिनेमातल्या शांत प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू येता कामा नये.

दोन्ही ग्राफिक्स कार्डं, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारे भाग. आवाजात एनव्हिडियाचं जीटी १०३० सरळ जिंकतं. जेमतेम ३० वॉट खातं, त्यामुळे बिनपंख्याचं, नुसत्या हीटसिंकवालं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं) मॉडेल मिळतं. मात्र कॅबिनेटमध्ये थोडी हवा खेळती हवी. इंटेलचं आर्क ए३८० ७५ वॉटचं, म्हणजे पंखा आलाच. शिवाय बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एएसपीएम हा वीज वाचवणारा पर्याय चालू केला नाही, तर ते रिकामं बसूनही बरीच वीज खातं.

खरी गोम व्हिडिओच्या फॉरमॅटमध्ये आहे. १०३० हे २०१७ चं. १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओ दाबून साठवायचे फॉरमॅट ते आरामात उलगडतं, पण यूट्यूबवर आणि नव्या फाइलींत येणारा एव्ही१ नाही. तसा व्हिडिओ आला की सगळा भार प्रोसेसरवर, आणि मग त्याचाच पंखा किंचाळतो! शांत कार्ड घेऊन मिळवलं काय? ए३८० एव्ही१ लीलया हाताळतं. आणखी एक: कॉम्प्युटरवर नेटफ्लिक्स ४के दाखवायला एनव्हिडियाच्या कार्डात किमान ३ जीबी मेमरी लागते, १०३० मध्ये सहसा २ च असते.

किंमत? १०३० जुन्या बाजारात स्वस्तात मिळतं. घेताना जीडीडीआर५ मेमरीवालंच घ्या, डीडीआर४ मेमरीवालं फार मंद आहे.

हार्ड डिस्कवर साठवलेले सिनेमेच बघायचे असतील तर बिनपंख्याचं १०३०. यूट्यूब आणि नव्या फाइली जास्त असतील तर ए३८०, मोठ्या, हळू फिरणाऱ्या पंख्याचं. मामेभाऊ दिवसभर यूट्यूबच बघतो.