कयाकच्या तळाला 'कायमचं' कोटिंग : पैसे गेले ते गेले, तळही खरवडून ठेवला

प्लॅस्टिकच्या कयाकला (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) "पुन्हा ओरखडा पडणार नाही" असं कोटिंग करून देतो, असं कोणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, कारण तो एकटा नाही. हेच सोंग दुसऱ्या नावाने तुमच्याही समोर येईल.

माझी कयाक साधी आहे, पॉलिएथिलीन नावाच्या प्लॅस्टिकची, साच्यात फिरवून एकसंध घडवलेली. हौशी लोकांच्या आणि भाड्याने मिळणाऱ्या कयाक बहुतेक अशाच असतात. त्यांचा तळ सगळीकडे सारखा झिजत नाही. खरी झीज होते ती मागच्या टोकाशी, मधोमध, तळहाताएवढ्या जागेत. आपण पुढचं हँडल उचलून कयाक ओढत नेतो, तेव्हा वीस-पंचवीस किलोच्या धुडाचा मागचा भार तेवढ्याशा जागेवर येतो आणि ती जागा वाळूवरून, काँक्रीटवरून घासत जाते. माझ्याही कयाकची ती जागा सपाट झाली होती. बाकी तळावर ओरखडे आणि त्यांच्या कडेला उठलेली कुसं, एवढंच.

हा गृहस्थ गाड्या आणि बोटी दोन्हींना कोटिंग करतो. त्याने कयाक उलटी करून भर उन्हात ठेवली आणि इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू केल्या. बऱ्याच वेळाने उठला, तळावर अंगठा दाबला. प्लॅस्टिक आत गेलं, सोडल्यावर टप्पकन वर आलं. "बघा, किती पातळ झालंय! एखाद्या दगडावर बसली तर फाटलीच म्हणून समजा."

ही त्याची पहिली चलाखी. पॉलिएथिलीन उन्हात तापलं की मऊ पडतं. नवीकोरी कयाकसुद्धा अशीच दबते. गाडीच्या टपावर पट्टे करकचून आवळले की उन्हात कयाकला पोचे पडतात ते याचमुळे, आणि तेच पोचे पुन्हा ऊन दाखवलं की बरेचदा निघूनही जातात. दाबून बघायचंच असेल तर सकाळी, तळ गार असताना बघावं. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे अंधारात कयाकच्या आत टॉर्च फिरवायची आणि बाहेरून बघायचं. रंग फिका असेल तर पातळ जागा जास्त उजळ दिसते. माझ्या कयाकमध्ये मागची ती एक जागा सोडली तर सगळीकडे सारखाच उजेड होता. म्हणजे कोटिंगची गरजच नव्हती.

दुसरी चलाखी डेमोची. कोटिंग मारलेली एक पाटी त्याने किल्लीने खसाखस खरवडली, तिच्यावर रेघ उठली नाही. मी कोटिंग करून घेतलं, ते निघालं आणि भांडण झालं, तेव्हा मी तीच पाटी हातात घेऊन कडेने पाहिली, तर काचेचे धागे स्पष्ट दिसत होते. पाटी फायबरची होती! फायबर घासून घेतलं की त्यावर असली कोटिंगं धरतात, त्यात नवल नाही. पॉलिएथिलीनची जात वेगळी. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा, पाणी टाकलं तर थेंब होऊन घरंगळतं, आणि रंग, इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचं, वाळून कडक होणारं चिकट रसायन), जेलकोट (फायबरच्या होडीवरचा बाहेरचा कडक थर) काहीच त्याला नीट धरत नाही. इपॉक्सी कालवायचे कपसुद्धा बऱ्याचदा याच कुळातल्या प्लॅस्टिकचे असतात, कारण आतला गोळा वाळला की सुटून हातात येतो. त्यावर काही चिकटवायचंच असेल तर आधी गॅसच्या बर्नरची ज्योत झरझर फिरवून वरचा थर बदलावा लागतो. ते जमलं की पाणी थेंब न होता पसरतं, आणि मग प्लॅस्टिकसाठी बनवलेली खास इपॉक्सी धरते. तेही भेग किंवा भोक बुजवण्यापुरतं, अख्खा तळ मढवायला नव्हे.

माझ्या कयाकला ज्योत दाखवली होती का, विचारल्यावर साहेब म्हणाले, "आम्ही प्रायमर मारतो, ज्योतीची गरज पडत नाही." प्रत्यक्षात सँडपेपरने तळ खसखसून घासला आणि वर फवारणी केली, एवढंच काम झालं होतं.

पहिल्यांदा वाळूला लागली तेव्हाच मागच्या टोकाशी फुगा आला. नखाने उचलला तर थाळीएवढा पापुद्रा एका दमात निघाला. त्याची आतली बाजू बघण्यासारखी होती : सँडपेपरच्या सगळ्या रेघा छाप्यासारख्या उमटलेल्या, पण प्लॅस्टिकचा एक कणही लागलेला नाही. म्हणजे कोटिंग तळाला चिकटलंच नव्हतं, नुसतं रेघांमध्ये अडकून बसलं होतं. आणि खाली जो तळ उघडा पडला तो आता लवकट. पॉलिएथिलीन घासलं की गुळगुळीत होत नाही, त्याला कुसं सुटतात.

वॉरंटीचा कागद काढला. त्यात बारीक अक्षरात होतं : जमीन, खडक किंवा वाळू यांच्याशी संपर्क आल्यास वॉरंटी लागू नाही. कयाकचा तळ आणखी कशाला घासतो, हे मी त्याला विचारलं. उत्तर आलं ते असं, की निम्म्या पैशात दुसरा हात मारून देतो. इथे सावध राहा. सुटत आलेल्या थरावर दुसरा थर म्हणजे पुढचा पापुद्रा जाड निघणार, दुसरं काही नाही.

जी जागा खरोखर झिजते तिच्यासाठी सरळ उपाय आहेत. काही कयाकना मागच्या टोकाशी बदलता येणारी घासपट्टी कंपनीकडूनच येते. झिजली की स्क्रू काढून नवी लावायची. चाकांची गाडी असेल तर ओढण्याचा प्रश्नच मिटतो, नाहीतर दोघांनी दोन टोकांना धरून उचलावी. किनाऱ्यावर वेगाने चढवण्यापेक्षा गुडघाभर पाण्यात उतरलेलं बरं. कुसं धारदार पात्याने अलगद छाटली की झालं. अगदी आरपार गेलं तर गरम हवेने त्याच जातीचं प्लॅस्टिक वितळवून भरता येतं. मात्र काही कयाक क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनच्या, म्हणजे आतल्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या प्लॅस्टिकच्या असतात आणि ते वितळतच नाही, म्हणून आपली कोणती ते कंपनीला आधी विचारून घ्यावं.

फायबरच्या कयाकवाल्यांची गोष्ट निराळी. तिथे जेलकोटचा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि खालच्या कण्यावर जेलकोटची किंवा काचकापडाची जादा पट्टी चढवणं हे खरं, टिकणारं काम आहे. आयत्या चिकटपट्ट्याही तिथे धरतात. तीच पट्टी पॉलिएथिलीनवर लावायची असेल तर पट्टी बनवणाऱ्याकडून तसं लेखी घ्या. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मी पैसे कार्डाने दिले होते. पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, वॉरंटीचा कागद आणि "कायमचं" असं छापलेलं त्याचं जाहिरातपत्रक जोडून बँकेकडे तक्रार केली. काही रक्कम परत आली, सगळी नाही. कोटिंग आता फक्त कयाकच्या वरच्या कडांना शिल्लक आहे, जिथे कधी काही घासतच नाही, आणि तो माणूस त्याचेच फोटो नव्या गिऱ्हाइकांना दाखवतोय.