चिगाँगच्या नावाखाली साडेनऊ हजार गेले

गुडघे धरले होते, म्हणून भुसावळात एका मंगल कार्यालयात भरलेल्या चिगाँग (श्वास आणि संथ हालचालींचे चिनी व्यायाम) शिबिराला गेलो. तीन दिवसांचे साडेतीन हजार. रेल्वेतून रिटायर झालेले आम्ही पाच-सहा जण, बाकी बहुतेक बायका.

पहिल्या दिवशी गुरुजींनी तळहात घासायला लावले. मग ते समोरासमोर धरून हळूहळू लांब-जवळ न्यायचे. मधे लोहचुंबक असल्यासारखं ओढलं जातं. "ही तुमची 'ची'!" म्हणजे म्हणे अंगातून वाहणारी प्राणशक्ती. सगळे थक्क, मीही. घरी नातीकडून तेच करून घेतलं, तर गुरुजींशिवाय तिलाही तस्संच जाणवलं. तिथेच उमजायला हवं होतं, पण एकदा पैसे भरले की माणूस स्वतःचीच समजूत घालत बसतो.

दुसऱ्या दिवशी ते चार हात लांबून हात झटकत आणि समोरचा धडपडत मागे जाई. धडपडणारे सगळे त्यांच्यासोबत आलेले शिष्य. माझा भाचा पुढे गेला. केळीचे घड वाहणारा गडी, तसूभर हलला नाही. "याच्या नाड्या बंद आहेत, दुसरी लेव्हल लागेल." तिचे सहा हजार. भाचा हसत म्हणाला, "मामा, चला चहा घेऊ." तो गेला, मी पैसे भरले.

दुसऱ्या लेव्हलला गोळ्यांचा विषय निघाला. ची वाहू लागली की साखरेची गोळी लागत नाही म्हणे. मी बंद केली. अकराव्या दिवशी रात्रीतून चारदा उठलो, जीभ कोरडीठाक. सकाळी साखर तपासली तर ३१८. डॉक्टरांनी काय ऐकवलं ते लिहीत नाही.

'पाच हजार वर्षांची गुप्त विद्या' हा त्यांचा दावाही खोटाच. श्वासाचे आणि अंग ताणण्याचे चिनी व्यायाम जुने आहेत, चीनमधल्या मावांगदुई इथल्या थडग्यात त्यांच्या आकृत्यांचा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला पट सापडला. पण 'चिगाँग' हे नाव सर्रास रूढ झालं १९५० च्या दशकात. आणि गुप्त कसलं? बादुआनजिन नावाचा आठ हालचालींचा संच तर चीनमध्ये सरकारी पातळीवर प्रमाणित करून शिकवतात.

फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून मी आता तोच करतो, उन्हं चढायच्या आत, गच्चीवर, पंधरा मिनिटं. तिसऱ्या हालचालीत एक हात वर, दुसरा खाली दाबायचा, ती सोपी. दुसरीत गुडघे वाकवून धनुष्य ओढायचं असतं, तिथे मी जेमतेम वाकतो. गोळी चालूच आहे.

परवा मेसेज आला, तिसरी लेव्हल जळगावला, अकरा हजार. तिकडच्या कुणाला आला असेल तर भरण्याआधी मला विचारा.