बडोद्यातलं गाडीचं डॅम्पिंग: दरवाजे आणि डिकी घ्या, बाकीचं सोडा

बडोदा-भरूच एक्स्प्रेसवेचा काँक्रीटचा रस्ता लागला की छोट्या गाडीत मागच्या सीटवरच्यांशी बोलायला आवाज चढवावा लागतो. त्यावर उपाय म्हणून इथल्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांत 'फुल डॅम्पिंग', म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी शीट सगळ्या गाडीत आतून चिकटवून मिळते: चार दरवाजे, फ्लोअर, डिकी, छत, बोनेट. सामान बहुतेक 2 मिमी जाडीची ब्यूटाइल (चिकट रबरी) शीट, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. सामान चांगलं आहे, पॅकेज मात्र फुगवलेलं आहे.

ही शीट आवाज अडवत नाही. ती पत्र्याला चिकटून त्याची थरथर खाते. दरवाजाच्या मोकळ्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकलं तर 'टण्ण' वाजतं. शीट लावल्यावर तिथेच 'थप्प' येतो. खड्ड्यातली धडधड आणि सस्पेन्शनमधून येणारी घरघर अशी कमी होते. टायरच्या नक्षीची सुमारे 1000 हर्ट्झची शीळ मात्र हवेतून, फटींतून येते. तिला शीटचा फारसा उपयोग नाही. तिथे बीडिंग (दरवाजाच्या कडेची रबरी पट्टी) आणि फोम लागतो. शीटचं काम थरथर मारण्याचं, आवाज अडवण्याचं नाही, म्हणून पत्रा काठोकाठ मढवण्यात अर्थ नाही. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध 40-50 टक्के जागा झाकली की बहुतेक फायदा पदरात पडतो. 2 मिमी शीटचं वजन चौरस मीटरला 3 ते 3.5 किलो असतं. दरवाजे आणि डिकी मिळून 3 चौ. मी. धरले तर दहाएक किलो वाढतात; फुल पॅकेजमध्ये तेच 25-30 किलोवर जातं.

पैसे सर्वांत जास्त वसूल होतात ते डिकीत. हॅचबॅकमध्ये मागच्या चाकांच्या कमानीवर बऱ्याचदा नुसतं प्लास्टिकचं कव्हर असतं आणि स्टेपनीचा खड्डा ढोलासारखा वाजतो. कमानीवर शीट आणि तिच्यावर 6 ते 10 मिमी बंद छिद्रांचा (पाणी न शोषणारा) फोम, खड्ड्याच्या तळाला शीट, एवढं केलं तरी मागच्या सीटवर फरक कळतो. दुसरा नंबर दरवाजांचा. छताचं काम पावसाच्या ताशासाठी ठीक आहे, रस्त्याच्या आवाजासाठी नाही. शिवाय छताचं अस्तर उतरवताना त्याला घडी पडली तर ती जात नाही. बोनेटचा संबंध इंजिनशी, रस्त्याशी नाही.

काम देण्याआधी शीट हातात घेऊन बघा. ब्यूटाइलची पट्टी ओढली तर तार सुटते. स्वस्त डांबरी शीट तुटते आणि तिला डांबराचा वास येतो. मे महिन्यात बडोद्याचं ऊन 42-43 अंशांवर जातं, उभ्या गाडीचा पत्रा त्याहून खूप तापतो. तेव्हा दरवाजातली डांबरी शीट मऊ पडून खाली घसरते आणि वास महिनोन्महिने केबिनमध्ये राहतो.

काम चालू असताना शक्य असेल तर समोर थांबा, कारण खरी गडबड दरवाजाच्या आत होते आणि पॅड (दरवाजाचं आतलं कव्हर) बसला की काहीच दिसत नाही. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला हवा. ऑइलचा हात लागलेल्या पत्र्यावर शीट धरत नाही. नंतर रोलर. फॉइलवरची उठावाची नक्षी पूर्ण सपाट होईपर्यंत दाबायचं. नक्षी दिसतेय म्हणजे खाली हवा आहे, आणि तिथून शीट सुटणार. दरवाजाच्या तळाला पाणी जायला दोन-तीन भोकं असतात, ती बुजली की पावसाळ्यात पाणी आत साचतं आणि दरवाजा खालून गंजतो. आतल्या प्लास्टिकच्या पडद्याचं तसंच: तो फाडून फेकला किंवा अर्धवट चिकटवला तर पाणी पॅडमागून थेट कार्पेटवर उतरतं. पॅड बसवण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघायला सांगा. तुटलेल्या क्लिपा तिथेच बदलून घ्या, नाहीतर आवाज कमी करायला गेलेली गाडी खडखडत परत येते. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दरवाजाच्या पोकळीत असतो. अशा दरवाजाला हात लावण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारणं आवश्यक आहे.

फ्लोअरबद्दल बडोदेकरांनी जास्त सावध राहावं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते आठवा. कार्पेटखाली स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम किंवा नमदा भरला असेल तर असं पाणी तो आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो, आणि फ्लोअर खालून नव्हे, वरून सडतो. करायचंच असेल तर फक्त बंद छिद्रांचा फोम, तोही सुटा, म्हणजे उचलून वाळवता येईल. सीट काढताना खालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावू देऊ नका.

फरक दाखवायला दुकानदार उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून मोबाइलवर डेसिबल दाखवतो. त्याने रस्त्याचा आवाज मोजलाच जात नाही. शिवाय अ‍ॅप बहुधा 'ए' मापावर (कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी धरणाऱ्या) असतं, आणि ते माप 100 हर्ट्झच्या आसपासचा आवाज 19 डेसिबलने कमी धरतं. डॅम्पिंगचं खरं काम तर तिथेच असतं. अ‍ॅप 'सी' मापावर ठेवा, ते खालचे सूर जवळजवळ जसेच्या तसे मोजतं. तोच रस्ता, 80 चा वेग, काचा बंद, एसी बंद, थंड टायरमध्ये तेवढीच हवा, मोबाइल शेजारच्याच्या हातात. आधी तीन फेऱ्या, नंतर तीन. 2-3 डेसिबल कमी झाले तर काम चांगलं झालं. 'आवाज निम्मा होईल' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका; कानाला निम्मा वाटायला साधारण 10 डेसिबल उतरावे लागतात.

आणि हे सगळं करण्याआधी फुकटातल्या दोन तपासण्या. डांबरी रस्त्यावर घूंऽऽ कमी होत असेल तर दोष टायरचा. वळणावर एका बाजूला वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग गेलंय, शीट लावून ते लपणार नाही. दरवाजाच्या बीडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून दरवाजा लावा आणि ओढा. पट्टी सहज सुटली तर आधी तिथलं बीडिंग बदला.