प्रौढांचे डायपर आणि पॅड: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेपचे डायपर, पँट डायपर, पॅड आणि धुऊन वापरायच्या चड्ड्या असं सगळं काही महिने वापरून झाल्यावर पहिला सल्ला हाच देईन: पाकिटावरच्या शोषणाच्या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा बहुधा अख्खा डायपर द्रवात बुडवून काढलेला असतो. अंगाखाली दाबला गेलेला आणि एकदम भिजलेला डायपर तेवढं शोषत नाही.

त्यापेक्षा वजनकाटा वापरा. कोऱ्या डायपरचं वजन करा, मग काढलेल्याचं. फरकातला 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली लघवी. दिवसाची आणि रात्रीची नोंद वेगळी ठेवा. गळती झाली की तेव्हाचं वजन आवर्जून लिहा. डायपर थोडाच भिजलेला असताना गळत असेल, तर जास्त क्षमतेचा महाग डायपर घेऊन काही होणार नाही. चूक मापात किंवा बसवण्यात आहे.

कंबर आणि नितंबांचा सर्वांत रुंद भाग, दोन्ही मोजा आणि मोठ्या आकड्यावरून साइझ ठरवा. ‘जास्त शोषेल’ म्हणून एक साइझ मोठा घेतला की मांडीजवळ फट राहते आणि तिथूनच कपडे भिजतात.

टेपचा डायपर बांधण्याआधी लांबीत दुमडून पन्हळीसारखा करावा, म्हणजे आतल्या उभ्या कडा मोकळ्या होतात. या कडा आत मुडपलेल्या राहणं हे बाजूने गळण्याचं नेहमीचं कारण. बोट फिरवून त्या जांघेत नीट बसवा. खालच्या टेप थोड्या वर तिरक्या लावा, वरच्या किंचित खाली. पुरुषांनी लिंग खालच्या दिशेला ठेवावं, नाहीतर लघवी कमरेच्या पट्टीतून बाहेर येते.

स्वतः उठून शौचालयात जाता येत असेल तर पँट डायपर खरंच सोयीचा. अंथरुणावरच बदलायचा असेल तर टेपचाच घ्या. पँट काढताना खाली ओढू नका, बाजूच्या शिवणी फाडा.

खोकताना-शिंकताना थोडी लघवी होत असेल तर लघवीसाठीचा पॅड पुरतो. मासिक पाळीचा पॅड त्याजागी चालत नाही. तो सावकाश येणाऱ्या, दाट स्रावासाठी बनवलेला असतो. लघवी पातळ आणि वेगाने येते. डायपरच्या आत दुसरा पॅड घालायचा असेल तर त्याला खाली प्लास्टिकचा थर नसावा, नाहीतर तो भरल्यावर लघवी बाजूने ओघळते आणि खालचा डायपर कोराच राहतो.

त्वचेसाठी: कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं करणं आणि क्रीमचा अगदी पातळ थर. जाड थर डायपरच्या वरच्या पदराला चिकटतो आणि शोषण मंदावतं. धुण्याच्या चड्ड्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, त्यानेही शोषण घटतं.

खर्च नगावर नको, दिवसावर मोजा. स्वस्त डायपर दिवसाला दोन जास्त लागले आणि वर चादरी धुवाव्या लागल्या तर बचत उरत नाही. दिवसा पॅड आणि रात्री टेपचा डायपर ही जोडी मला सर्वांत परवडणारी वाटली.

बदल कमी करावे लागावेत म्हणून पाणी पिणं मात्र तोडू नका. दाट लघवीने मूत्राशयाची जळजळ वाढू शकते. लघवीत रक्त, ताप किंवा अचानक वाढलेली गळती असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, डायपरचा प्रकार बदलायचा विचार नंतर करा.